पाळीतली पंधरा मिनिटं

सान तादेओच्या खोऱ्यात सरळ माणूस कोण, असं विचारलं की लोक नेमेसियो आर्बायोचं नाव घ्यायचे. सव्वीस वर्षं तो पाटकरी होता. डोंगरातून येणाऱ्या पाटाची दारं उघडायची आणि लावायची, ज्याची पाळी त्याला पाणी द्यायचं आणि प्रत्येक दाराशी पट्टी बघून पाणी किती आलं ते वहीत लिहायचं, हे त्याचं काम. पाटकऱ्याला शिव्या चुकत नाहीत. ज्याची पाळी संपते त्याला ती लवकर संपली असं वाटतं आणि ज्याची यायची असते त्याला ती उशिरा आली असं वाटतं. नेमेसियोला त्या मानाने कमी शिव्या बसल्या. माणूस नीट आहे, घड्याळ नीट आहे, असं म्हणून लोक गप्प बसायचे.

बारा वर्षांपूर्वी पाट बंद झाला. त्याच्या जागी जमिनीखालून पाइप आला, आणि पाइपाला पाटकरी लागत नाही. नेमेसियो घरी बसला. आता चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. गुडघे कुरकुरायचे, पण खाणं चांगलं होतं, झोप चांगली होती, आणि बायको चायो दिवसभर त्याच्यावर ओरडायची म्हणजे तीही तब्येतीने चांगली होती.

मे महिन्यातल्या एका सकाळी पाणी मंडळाची इंजिनियर जॅनिस नाकाशिमा खोकं घेऊन दाराशी आली. तिच्या आजोबांनी याच खोऱ्यात जन्मभर लिंबं तोडली होती, म्हणून चायोने तिला पाहुणी मानलंच नाही. तिला सरळ स्वयंपाकघरात बसवलं, दालचिनीची कॉफी पुढे ठेवली आणि गोड पावांची थाळी सरकवली.

"मिस्टर आर्बायो, तुमचे आभार मानायला आलेय," जॅनिस म्हणाली. तिने खोक्यातून जुन्या वह्या काढल्या. नेमेसियोने आपलं अक्षर लांबूनच ओळखलं.

दुष्काळाचं पाचवं वर्ष चाललं होतं. खोऱ्याचं निम्म्याहून जास्त पाणी उत्तरेच्या डेल्टातून यायचं, चारशे मैल कालव्यातून वाहत आणि मग पंपांनी डोंगर चढून. त्या डेल्टावर अर्ध्या राज्याचा डोळा. तिथले शेतकरी, तिथले मासे, खाडीकाठची शहरं, मधल्या सगळ्या बागा, आणि सगळ्यांच्या शेवटी सान तादेओ. एकाच हौदावर दहा गावांची गुरं सोडावीत तसं झालं होतं. सरकारने बजावलं होतं की आधी आपापल्या गावात पाणी शोधा आणि डेल्टातून घेणं दर पाच वर्षांच्या आराखड्यात कमी करून दाखवा. तो आराखडा जॅनिस लिहीत होती.

"हिवाळ्याच्या पावसात ओढ्याला पूर येतो आणि सगळं पाणी समुद्रात जातं," तिने सांगितलं. "ते एका तळ्यात वळवायचं आणि जमिनीत मुरू द्यायचं. उन्हाळ्यात विहिरींनी वर काढायचं. तेवढंच डेल्टाचं कमी. फक्त जमीन पाणी पिणारी हवी."

"मग कुठे करणार तळं?" नेमेसियोने विचारलं.

"लिंबांच्या जुन्या पॅकिंग हाउसच्या मैदानात. जागा मंडळाचीच आहे."

"तिथे तर पाऊस पडला की महिनाभर बदकं पोहतात, पोरी."

"मातीच्या नकाशात ती जागा वाळूची दाखवलीय. दुसरी जागाही मी बघितली होती, पाटाच्या तिसऱ्या आणि चौथ्या दाराच्या मधला पट्टा. पण तुमच्या वह्यांनी माझं काम सोपं केलं." तिने एक पान उघडलं. "हे बघा. तिसऱ्या दाराशी जेवढं पाणी, तेवढंच चौथ्या दाराशी. सव्वीस वर्षं. थेंब कमी नाही. म्हणजे मधली जमीन दगडासारखी घट्ट असणार. मी तो पट्टा यादीतून काढून टाकला."

नेमेसियोने कप खाली ठेवला. बशी वाजली.

"सुनावणी कधी आहे?"

"येत्या मंगळवारी. मंजुरी मिळाली की पैसा येईल, पैसा आला की खोदकाम. हा पैसा एकदाच मिळतो, म्हणून जागा पक्की करूनच टाकायचीय."

ती गेल्यावर चायो म्हणाली, "ए म्हाताऱ्या, तुझा रंग का उडाला? मुलगी एवढं कौतुक करून गेली."

"चायो, त्या वह्या खोट्या आहेत."

"म्हणजे?"

मग नेमेसियोने बायकोला सांगितलं. तिसऱ्या आणि चौथ्या दाराच्या मधला पाट म्हणजे चाळण होता. जुन्या ओढ्याची रेती होती तिथे. तिसऱ्यातून पाणी उड्या मारत निघायचं आणि चौथ्याशी दमल्यासारखं पोचायचं. चौथ्याच्या खाली पाच घरं होती, त्यांना शेपटाची माणसं म्हणत. नेमेसियो कामाला लागला त्याच महिन्यात तेव्हाच्या व्यवस्थापकाने सांगितलं होतं की वहीत गळती दिसली तर शेपूट तोडून टाकू, पाच घरांसाठी एवढं पाणी वाया घालवायचं नाही. नेमेसियोने त्या महिन्यात पहिल्यांदा चौथ्या दाराचा आकडा तिसऱ्यासारखाच लिहिला. पण वहीत लिहून झाडांना पाणी मिळत नाही. म्हणून तो वरच्या, माथ्याच्या सहा जणांचं दार पाळी संपायच्या पंधरा मिनिटं आधी लावू लागला आणि ती मिनिटं शेपटाला देऊ लागला.

"सव्वीस वर्षं?" चायोने विचारलं.

"सव्वीस वर्षं."

चायो हसायला लागली. एवढी हसली की टेबलाला धरून बसावं लागलं. "आणि पाद्री मला म्हणायचे, बाई, तुमच्या नवऱ्याकडे कबुलीजबाबाला सांगण्यासारखं काही नसतंच!" मग एकदम थांबली. "माथ्याचे सहा म्हणजे गुमे पण?"

"सगळ्यात पहिला गुमे."

गुमेर्सिंदो तापिया हा नेमेसियोचा कोंपाद्रे होता. नेमेसियोच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्याने हातावर घेतलं होतं, आणि या लोकांत ते नातं सख्ख्या भावापेक्षा कमी धरत नाहीत. एकोणीस वर्षांपूर्वी गुमेचा मेहुणा अन्सेल्मो, तोही माथ्याच्याच सहांतला, भर जेवणात म्हणाला होता, "तुझा पाटकरी पाळी तोडतो. मी मोजलंय." गुमेने ताट सारलं, उठला आणि म्हणाला, "माझ्या कोंपाद्रेला चोर म्हणणाऱ्याशी मला बोलायचं नाही." तेव्हापासून दोघं बोलले नव्हते. गुमेची बायको आपल्या भावाला भेटायला मागच्या कुंपणातून जायची.

"तू तेव्हा गप्प बसलास," चायो म्हणाली. आता ती हसत नव्हती.

"बोललो असतो तर शेपूट तोडलं असतं."

"आणि पाट बंद झाल्यावर? तेव्हा कुठलं शेपूट तोडणार होते?"

खरं उत्तर नेमेसियोला माहीत होतं. सरळ माणूस म्हणवून घ्यायची सवय लागली होती.

"आधी गुमेला जाऊन सांग," चायो म्हणाली. "मंगळवारी त्याला लोकांदेखत कळलं तर तो तुला जन्मात माफ करायचा नाही."

नेमेसियो दुसऱ्या दिवशी गेला. गुमे अंगणात उभा राहून आपला पांढरा सदरा दोरीवर वाळत घालत होता.

"ये, कोंपाद्रे, ये! बघ, मंगळवारसाठी धुतलाय. मी बोलणार आहे."

"तू? तू तर आजपर्यंत सभेत तोंड उघडलं नाहीस."

"आता उघडणार. त्या नाकाशिमांच्या मुलीने सांगितलं, सगळा आराखडा तुझ्या वह्यांवर उभा आहे. मी म्हणणार, या माणसाच्या हातून एक मिनिट इकडचं तिकडे झालं नाही, आणि याची साक्ष मी देतो, कारण पहिलं दार माझं होतं." गुमेने सदऱ्याची बाही सरळ केली. "अन्सेल्मो येणार आहे म्हणे. येऊ दे. ऐकू दे त्याला."

"गुमे, मला तुला एक सांगायचं होतं."

"सांग की."

नेमेसियोने सदऱ्याकडे बघितलं. "कॉलर अजून मळकी दिसतेय," तो म्हणाला आणि घरी आला.

चायोने त्याला त्या दिवशी फक्त उकडलेल्या राजम्याचं पाणी वाढलं, राजमा दिला नाही.

मंगळवारी संध्याकाळी सहाला अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सुनावणी होती. बाहेर चांगलं ऊन होतं. खुर्च्या भरल्या आणि लोक बंबाला टेकून उभे राहिले. ज्याला बोलायचं असेल त्याने दाराशी पिवळं कार्ड भरून द्यायचं, आणि प्रत्येकाला तीन मिनिटं. टेबलावर एक छोटा दिवा होता. हिरवा असेपर्यंत बोला, पिवळा झाला की आटपा, लाल झाला की बसा. त्या दिव्याची मालकीण म्हणजे मंडळाच्या अध्यक्ष, हॅगस्ट्रॉमबाई. शाळेत चाळीस वर्षं शिकवून झाल्यावर त्यांना गावात दुसरं कुणी ओरडायला मिळत नव्हतं म्हणून त्या मंडळावर आल्या, असं लोक म्हणायचे.

जॅनिसने आराखडा समजावला. पॅकिंग हाउसचं मैदान पडद्यावर दाखवलं. मग बाईंनी पहिलं कार्ड उचललं. "नेमेसियो आर्बायो."

टाळ्या पडल्या. नेमेसियो माइकसमोर उभा राहिला. हिरवा दिवा लागला.

"मी नेमेसियो आर्बायो. पाटकरी होतो."

"आम्हाला माहीत आहे. बोला."

पण चारचौघांत बोलायचं म्हणजे आधी मानमर्यादा आली. नेमेसियोने अध्यक्षांना नमस्कार केला, मंडळाच्या चारही सभासदांना नावाने नमस्कार केला, अग्निशमन दलाचे आभार मानले, आणि ज्या जुन्या लोकांनी हा पाट खोदला त्यांच्या आत्म्याला शांती मागितली. त्यातल्या तिघांची नावं घेतली. एकाच्या विधवेची चौकशी केली. दिवा पिवळा झाला. त्याच्या कपाळावर घाम आला.

"तर सांगायचं ते हे," तो घाईने म्हणाला, "की माझ्या वह्यांतलं चौथ्या दाराचं पाणी खोटं आहे."

दिवा लाल झाला.

"वेळ संपली," हॅगस्ट्रॉमबाई सवयीने म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय ऐकलं. हॉलमध्ये एकदम गलका झाला. "शांतता! नियम म्हणजे नियम. मिस्टर आर्बायो, तुमची तीन मिनिटं झाली. कुणी आपली मिनिटं दिली तरच तुम्हाला पुढे बोलता येईल."

मागून पेत्रा किरोस उठली. शेपटाच्या पाच घरांतलं शेवटचं घर तिचं. "माझं कार्ड आहे. मी पंपघराजवळच्या भटक्या कुत्र्यांबद्दल बोलणार होते. कुत्री कुठे पळून जात नाहीत. माझी तीन मिनिटं नेमेसियोला द्या."

हिरवा लागला. या वेळी नेमेसियोने कुणाला नमस्कार केला नाही. पट्ट्याची रेती, चाळणीसारखा पाट, शेपूट तोडायची धमकी, सगळं भराभर सांगितलं. "तिसऱ्या दाराशी पट्टीवर सोळा असलं तर चौथ्याशी बारा. कधी अकरा. पाणी जायचं कुठे ते मला कळत नव्हतं. पण एक सांगतो. पाट बंद झाला, पाइप आला, आणि दोनच वर्षांत त्या पट्ट्याखालच्या विहिरींचं पाणी खाली गेलं. लोक म्हणाले दुष्काळ. दुष्काळ तर त्यानंतर पाच वर्षांनी आला."

जॅनिस खुर्चीतून अर्धी उठली. "किती खाली? कुणाच्या विहिरी?"

"प्रश्न नंतर," हॅगस्ट्रॉमबाई म्हणाल्या.

"बाई, मला ऐकू द्या! मी सगळा आराखडा चुकीच्या जागेवर लिहिलाय!"

"तरी प्रश्न नंतर."

"माझी वीस फूट गेली," पेत्रा बसल्या जागेवरून ओरडली. "बेनितेसांची तीस!"

"पेत्रा, तू तुझी मिनिटं दिलीस. आता तुझ्याकडे बोलायला वेळ नाही."

लोक हसले. दिवा लाल झाला. बेनितेसांचा थोरला उठला आणि आपली तीन मिनिटं दिली. आता फक्त एकच गोष्ट सांगायची राहिली होती. नेमेसियोने खिशातून रुमाल काढला, पुन्हा ठेवला. हिरवा दिवा फुकट जळत होता. तिसऱ्या ओळीत गुमे पांढरा सदरा घालून बसला होता, कार्ड देऊन झालं होतं, आणि अजून त्याला काही कळलं नव्हतं. तो मान हलवत होता, बोल बोल म्हणून.

"शेपटाला कमी पडायचं ते मी माथ्याच्या पाळीतून काढायचो," नेमेसियो म्हणाला. "सहा जणांची प्रत्येकी पंधरा मिनिटं. दर पाळीला. त्यांना विचारलं नाही. त्यातले चार आता मातीत आहेत, त्यांची माफी तिकडे गेल्यावर मागेन. गुमेर्सिंदो तापिया इथे आहे. अन्सेल्मो सोतेलो मागे उभा आहे. त्याने एकोणीस वर्षांपूर्वी सांगितलं ते खरं होतं. तळं पॅकिंग हाउसपाशी खोदू नका. माझ्या वह्यांवर जाऊ नका. एवढंच."

अजून एक मिनिट बाकी होतं. ते त्याने घेतलं नाही.

हॅगस्ट्रॉमबाईंनी पुढचं कार्ड वाचलं आणि आवाज खाली आणला. "गुमेर्सिंदो तापिया."

गुमे माइकपाशी आला. कुणीतरी मागून म्हणालं, "तुझी मिनिटं पण दे की नेमेसियोला!"

"माझी त्याने आधीच घेतलीत," गुमे म्हणाला.

हॉल हसून फुटला, पण गुमे हसला नाही. तो माइक धरून उभा राहिला. काहीतरी पाठ करून आला होता, ते आता कामाचं नव्हतं, आणि नवीन काही सुचत नव्हतं. दिवा हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा लाल. पूर्ण तीन मिनिटं तो एक शब्द न बोलता उभा राहिला, आणि हॅगस्ट्रॉमबाईंना आयुष्यात पहिल्यांदा वेळ संपली म्हणायचं धाडस झालं नाही. मग तो गेला. सदऱ्याची पाठ घामाने भिजली होती.

मंडळाने निर्णय दोन आठवडे पुढे ढकलला. तेवढ्यात रेतीच्या पट्ट्यात खड्डा खणून पाणी ओतून बघायचं, आणि मुरलं तर जागा बदलायची. पण त्याला जमीनमालकाची परवानगी हवी होती, आणि तो पट्टा अन्सेल्मो सोतेलोच्या बागेत होता.

गावाने नेमेसियोला सोडलं नाही. बेकरीत त्याने डझनभर पाव मागितले तर पोरीने अकरा दिले आणि म्हणाली, "एक शेपटाला." चर्चमध्ये पाद्रींनी प्रवचन लवकर संपवलं तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी खोकलं, "पंधरा मिनिटं कमी भरली." नेमेसियो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. त्याला वाटलं होतं नाव गेलं की माणूस मरतो. पण भूक लागत होती, आणि राजमा पुन्हा ताटात यायला लागला होता. शेपटाच्या पाचही घरांतून काही ना काही येऊन पडलं होतं, पेत्राने तर अख्खी कोंबडी पाठवली. फक्त गुमे आला नाही. शुक्रवारपर्यंत नाही, रविवारपर्यंत नाही. चायो म्हणाली, "तू जा." नेमेसियो कुंपणापर्यंत दोनदा गेला आणि दोनदा परत आला.

सोमवारी सकाळी गुमे स्वतःच दाराशी उभा राहिला. आत आला नाही.

"टोपी घाल," तो म्हणाला.

"कुठे जायचंय?"

"अन्सेल्मोकडे. मी एकोणीस वर्षं त्या माणसाशी बोललो नाही, तुझ्यापायी. त्याच्या मुलीच्या लग्नात मी रस्त्यापलीकडे उभा राहून बँड ऐकला. आता तू माझ्याबरोबर येणार आणि त्याच्या दारात उभं राहून सांगणार की गुमे गाढव नव्हता, गुमेला फसवलं होतं."

"सांगतो. आणि तू काय सांगणार?"

"मी काही सांगणार नाही. मी नुसता उभा राहणार. मंगळवारी सराव झालाय."

अन्सेल्मो घरासमोर खुर्ची टाकून बसला होता. दुष्काळात त्याने आवोकादोची झाडं कमरेएवढी छाटून खोडांना चुना लावला होता. ओळीने पांढरी खोडं, जशी काही मिरवणूक थांबलीय. दोघं म्हातारे त्यातून चालत येताना त्याने बघितले, पण उठला नाही.

नेमेसियोने टोपी काढली आणि सांगायचं ते सगळं सांगितलं. गुमे गाढव नव्हता हेही सांगितलं.

"पंधरा मिनिटं?" अन्सेल्मो म्हणाला. "मी तर वीस मोजली होती."

"पंधराच होती," नेमेसियो म्हणाला.

"तुझ्या आकड्यांवर आता कोण विश्वास ठेवतो?"

अन्सेल्मोने मग गुमेकडे बघितलं. गुमे ठरल्याप्रमाणे नुसता उभा होता.

"हा का बोलत नाही?"

"मला काही बोलायचं नाही," गुमे म्हणाला.

"मग आलास कशाला?"

"त्या मुलीला खड्डा खणायचाय तुझ्या बागेत. तू परवानगी देत नाहीस म्हणे."

"देईन. एका अटीवर. खड्डा तू खणायचा."

"मी? माझं वय काय, माहीत आहे का? त्र्याहत्तर!"

"माहीत आहे. माझ्या बहिणीचा नवरा आहेस. एकोणीस वाढदिवसांचा केक कुंपणावरून खाल्लाय मी तुझा."

बुधवारी सकाळी जॅनिस फावडी, मोजपट्टी आणि पाण्याचा टँकर घेऊन आली. तिच्याबरोबर खड्डा खणायचं यंत्र पण होतं. अन्सेल्मोने ते यंत्र रस्त्यावरच थांबवलं. "अट म्हणजे अट," तो म्हणाला. जॅनिसने कपाळावर हात मारला.

गुमेने खणायला घेतलं. दहा फावडी झाली आणि तो थांबला. नेमेसियोने न विचारता दुसरं फावडं उचललं आणि शेजारी उभा राहिला. गुमेने त्याच्याकडे बघितलं नाही, पण थोडं सरकून जागा दिली. अन्सेल्मो खुर्चीतून हुकूम सोडत होता.

"सरळ खण! बाजू वाकडी चाललीय."

"तूच ये मग खाली!"

"मी माथ्याचा माणूस आहे, मी वरच बसणार. नेमेसियो, त्याला पंधरा मिनिटांनी थांबव, तुला सवय आहे."

गुमेला हसू फुटलं. त्याने ते खोकून लपवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि मग फावड्यावर रेलून तो एवढा हसला की जॅनिसने पाण्याची बाटली घेऊन धाव घेतली. हसता हसताच त्याने नेमेसियोच्या दंडावर मूठ मारली, जरा जोरातच.

"दुखलं," नेमेसियो म्हणाला.

"दुखायलाच मारलीय. अजून बऱ्याच बाकी आहेत."

शेवटी अन्सेल्मो पण उतरला, कारण त्याला खणण्याची पद्धत पसंत नव्हती. तिघांनी मिळून छातीएवढा खड्डा केला. खाली पिवळी, भुसभुशीत रेती लागली. जॅनिसने ती चिमटीत घेतली आणि बोटांतून सोडली. टँकरची नळी सोडली, खड्डा काठोकाठ भरला, तिने मोजपट्टी उभी केली आणि सगळ्यांना सांगितलं, "आता थांबायचं. पाणी किती वेळात किती उतरतं ते बघायचं. कदाचित दुपार होईल."

अन्सेल्मोची बायको टोर्टिया, चीज आणि तिखट मिरच्या घेऊन आली. तिघं पांढऱ्या खोडांना टेकून बसले. एकोणीस वर्षांचं साठलेलं होतं. अन्सेल्मोच्या मुलीच्या लग्नातला बँड बेसूर होता का नव्हता, यावर आधी भांडण झालं. मग गुमेने जुना ट्रक घेतला तेव्हा घेऊ नको म्हणून अन्सेल्मोने सांगायला हवं होतं, पण बोलायचं नव्हतं म्हणून सांगितलं नाही, यावर झालं.

"तुला माहीत होतं इंजिन गेलंय?"

"सगळ्या गावाला माहीत होतं!"

"मग बहिणीकडून निरोप द्यायचा!"

"दिला होता. तू म्हणालास सोतेलोंच्या घरातून आलेला शब्द मी ऐकत नाही!"

"मी असं म्हणालो?" गुमेने नेमेसियोकडे बघितलं.

"म्हणालास," नेमेसियो म्हणाला. "मी तिथे होतो."

"मग तू का नाही सांगितलंस इंजिनाचं?"

"मला वाटलं तुला माहीत असेल!"

"मिस्टर आर्बायो," जॅनिस म्हणाली.

"थांब पोरी. गुमे, त्या ट्रकचं खापर माझ्यावर फोडू नकोस, माझ्या माथी आधीच खूप आहे."

"मिस्टर आर्बायो!"

तिघांनी वळून बघितलं. जॅनिस खड्ड्यात उभी होती. पॅंटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले, हातात मोजपट्टी, आणि पायाखाली ओली, चमकणारी रेती. पाणी कुठेच नव्हतं. तिने घड्याळाकडे बघितलं, खड्ड्याकडे बघितलं आणि लहान मुलीसारखी खदखदून हसली.

"भरल्याला तासही झाला नाही!"

अन्सेल्मोने खड्ड्यात वाकून बघितलं. मग टँकरवाल्याला हाक मारली, "अजून आहे का रे पाणी?"

"आहे."

"मग ओत. आणि सावकाश ओत, आमचं अजून ट्रकचं संपलेलं नाही."

गुमेने चीजचा शेवटचा तुकडा उचलला, त्याचे दोन भाग केले, अन्सेल्मोला एक दिला, दुसऱ्या तुकड्याकडे जरा वेळ बघितलं आणि तो नेमेसियोच्या टोर्टियावर ठेवला.

"तर म्हणे इंजिन गेलं होतं," तो म्हणाला. "सांग आता पहिल्यापासून."

टँकरची नळी पुन्हा वाहायला लागली.